बदललेली मोटार आणि विम्याचा करार

सोलापूर मागें टाकून तुळजापूरचा रस्ता धरला, कीं नवरात्राच्या दिवसांत यात्रेकरूंच्या मोटारींची मोठी रांग दृष्टीस पडते. त्या रांगेंत नाना तऱ्हेनें बदललेल्या गाड्या असतात. एखाद्या गाडीचे दिवे मूळच्यापेक्षां कितीतरी प्रखर, दुसरीचीं चाकें रुंद, तर तिसरीचा सायलेन्सर असा, कीं गाडी दिसण्यापूर्वींच तिचा आवाज यावा. ह्या झाल्या डोळ्यांना व कानांना कळणाऱ्या गोष्टी. परंतु कांहीं गाड्यांमधील बदल बाहेरून मुळींच दिसत नाहीं. तो इंजिनांत असतो. कारखान्यानें जी शक्ति नेमून दिली, तिच्याहून अधिक शक्ति निघावी अशी तजवीज मालकानें पदरचे पैसे खर्चून करून घेतलेली असते. बैलांच्या शिंगांना रंग देणाऱ्या आणि गळ्यांत घुंगुरमाळा बांधणाऱ्या माणसाची हौसच येथें नव्या रूपानें प्रकट झालेली असते. तींत नवल असें कांहीं नाहीं.

फरक एवढाच, कीं बैलगाडीचा विमा कोणी उतरीत नसे आणि मोटारीचा विमा कायद्यानें उतरावाच लागतो. विमा-कंपनीनें कागदावर पाहिलेली गाडी एक आणि रस्त्यावर धांवणारी गाडी दुसरी, असें झालें म्हणजे अपघाताच्या दिवशीं पैसे कोणीं द्यावयाचे? मालकाचें नुकसान एक वेळ बाजूस ठेवूं. पण जो पादचारी त्या गाडीखालीं सांपडला, त्याच्या बायकामुलांनीं कोणाच्या तोंडाकडे पाहावयाचें? हा प्रश्न वाटतो तितका नवा नाहीं. त्याचें मूळ अडीचशें वर्षांइतकें जुनें आहे, आणि धाराशिव जिल्ह्याच्या वाट्यास त्याचा जो इतिहास आला तो शेजारच्या सोलापूरपेक्षां अगदीं निराळा आहे.

विम्याचा सारा व्यवहार विश्वासावर उभा असतो, हें तत्त्व ज्या निकालांत प्रथम स्पष्टपणें मांडलें गेलें, तो निकाल मोटारीचा नव्हे, एका किल्ल्याचा होता. सुमात्रा बेटावर बेंकूलेन येथें ईस्ट इंडिया कंपनीचा फोर्ट मार्लबरो नांवाचा किल्ला होता. परकीय शत्रूनें तो घेतल्यास भरपाई मिळावी म्हणून तेथील गव्हर्नर कार्टर यांनीं लंडनमध्यें विमा उतरविला. पुढें फ्रेंचांनीं तो किल्ला खरोखरच घेतला. तेव्हां विमा घेणारा व्यापारी बोह्म म्हणूं लागला, कीं किल्ला दुबळा आहे ही गोष्ट माझ्यापासून लपविण्यांत आली. म्हणून मी पैसे देणार नाहीं. १७६६ सालीं हा खटला किंग्ज बेंच न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश लॉर्ड मॅन्सफील्ड यांच्यापुढें आला. त्यांनीं सांगितलें, कीं धोक्याचा अंदाज ज्या गोष्टींवरून बांधावयाचा त्या बहुधा विमा उतरविणाऱ्यालाच ठाऊक असतात. म्हणून त्यानें त्या न लपवितां सांगितल्या पाहिजेत. परंतु ह्या तत्त्वाची दुसरी बाजूहि त्यांनीं तितक्याच स्पष्टपणें मांडली. जी गोष्ट विमा घेणाऱ्याला ठाऊक आहे, किंवा जी त्यानें स्वतः जाणून घ्यावयास हवी होती, ती न सांगितल्याचा दोष दुसऱ्यावर येत नाहीं. निकाल गव्हर्नर कार्टर यांच्या बाजूनें लागला. मोटारीच्या विम्याचा विचार करतांना ह्या दोन्ही बाजू ध्यानांत ठेवणें अवश्य आहे. कारण पहिली बाजू कंपन्यांच्या तोंडीं नेहमीं असते, आणि दुसरी सहसा कोणी आठवीत नाहीं.

गाडींत केलेला बदल आणि अपघात यांचा संबंध तर मोटारीच्या जन्मापासूनचा आहे. १७ ऑगस्ट १८९६ रोजीं लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आवारांत ब्रिजेट ड्रिस्कॉल नांवाची एक स्त्री मोटारीच्या धक्क्यानें मृत्यु पावली. इंग्लंडमध्यें पेट्रोलच्या मोटारीनें पादचाऱ्याचा बळी घेतल्याची ही पहिली घटना समजतात. चौकशीच्या वेळीं त्या गाडीतून प्रवास करणाऱ्या एका बाईनें असा आरोप केला, कीं अधिक वेगानें जातां यावें म्हणून चालकानें इंजिनाच्या रचनेंत फेरफार केला होता. उलटपक्षीं, ती गाडी तपासणाऱ्या दुसऱ्या चालकानें सांगितलें, कीं तिला कमी वेगाचा पट्टा बसविलेला असून ताशीं साडेचार मैलांहून अधिक वेग तिला घेतांच येत नाहीं. पंचांनीं अपघाती मृत्यु असा निर्णय दिला. आरोप खरा होता कीं खोटा, हें त्या निर्णयानें ठरलें नाहीं. पण पहिल्याच अपघातांत उभा राहिलेला तो प्रश्न पुढें प्रत्येक देशाच्या न्यायालयांत पुनःपुन्हां येत राहिला.

मोटारीचे पहिले विमे हे घोडागाडीच्या विम्याच्या नमुन्यावर बेतलेले होते. मुंबईंत १८९८ सालीं पहिल्या मोटारी आल्या. त्यांच्या मालकांत जमशेटजी टाटा यांचें नांव सांगतात. त्यांचेच पुत्र सर दोराबजी टाटा यांनीं १९१९ सालीं मुंबईंत न्यू इंडिया अ‍ॅश्युअरन्स कंपनी स्थापन केली. म्हणजे एका पिढींत मोटार आली आणि दुसऱ्या पिढींत तिच्या धोक्याची काळजी वाहणारी देशी संस्था आली. मध्यंतरीं १९१४ सालीं हिंदुस्थान सरकारनें मोटारीसंबंधीं पहिला कायदा केला. गाडीची नोंदणी आणि चालकाचा परवाना यांची व्यवस्था त्यानें केली. परंतु विमा उतरविण्याची सक्ति त्यांत नव्हती. ज्याला परवडे आणि ज्याला सुचे, तो विमा उतरी.

येथें एक गोष्ट विसरतां येणार नाहीं. आज आपण ‘बदललेली गाडी’ म्हणतों तेव्हां मूळ गाडी पूर्ण होती आणि नंतर ती बदलली, असें गृहीत धरतों. आपल्या देशांत बस आणि मालमोटार यांच्या बाबतींत परिस्थिति पुष्कळ काळ उलटी होती. परदेशी कारखान्याकडून येई ती नुसती चेसिस. म्हणजे इंजिन, सांगाडा आणि चाकें. तिच्यावर लांकडी बॉडी चढवीत ते इकडचे सुतार आणि लोहार. बांक किती, छत किती उंच, मागल्या फळ्या किती वर न्यावयाच्या, हें मालकाच्या इच्छेवर आणि मेस्त्रीच्या अनुभवावर ठरे. पुढें रस्ते वाईट आणि भार फार म्हणून स्प्रिंगच्या पाट्यांत आणखी एकदोन पाटे घालण्याची रीत पडली. कारखान्यानें नेमून दिलेल्या भारापेक्षां अधिक भार त्यामुळें गाडीवर चढवितां येऊं लागला. परंतु ब्रेक आणि टायर मात्र पूर्वींचेच राहिले. अपघाताचें बीज नेमकें अशा जागीं असतें.

आतां धाराशिवकडे वळूं. हा जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानांत होता. सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांच्या नांवावरून त्याला उस्मानाबाद म्हणत, आणि २०२३ सालीं त्याचें जुनें नांव त्यास अधिकृतपणें परत मिळालें. शेजारचा बार्शी तालुका व सोलापूर मात्र ब्रिटिश मुलुखांत. कुर्डुवाडीपासून बार्शीपर्यंत अरुंद रुळांची बार्शी लाइट रेल्वे १८९७ सालीं सुरू झाली आणि १९११ सालीं ती लातूरपर्यंत पोहोंचली. परंतु तो मार्ग येडशी, ढोकी असा गेला; खुद्द धाराशिव शहर त्या मार्गापासून बाजूला राहिलें. रुंद रुळांची गाडी शहरांत आली ती २००७-०८ च्या सुमारास. एवढ्या मोठ्या काळांत ह्या भागाची सारी भिस्त सडकेवर होती, आणि म्हणून मोटारीचें महत्त्व येथें रेल्वेच्या गांवांपेक्षां अधिक होतें.

संस्थानानें मोटारवाहतुकीकडे लवकर लक्ष दिलें ही गोष्ट खरी. जून १९३२ मध्यें निजाम स्टेट रेल्वेच्या खात्यानें २७ बसगाड्या घेऊन सरकारी मोटारसेवा सुरू केली. मुंबई इलाख्यांत पहिली एस. टी. पुणें ते अहमदनगर धांवली ती १ जून १९४८ रोजीं; म्हणजे संस्थानी सरकार ह्या बाबतींत सोळा वर्षें पुढें होतें. सरकारी गाडीच्या अपघाताची जबाबदारी सरकारच्या तिजोरीवर पडे. परंतु खाजगी मोटार, भाड्याची टॅक्सी आणि मालाची गाडी यांच्या मालकांना असा कोणताहि मोठा आधार नव्हता.

अशांत दुसरें महायुद्ध आलें, आणि बदललेल्या मोटारींचा एक विलक्षण कालखंड सुरू झाला. १९४१ पासून पेट्रोलचें नियंत्रण आलें. गाड्या बंद ठेवणें परवडेना. म्हणून कोळशाच्या वायूवर चालणारीं यंत्रें गाडीच्या पाठीमागें बसविण्यांत येऊं लागलीं. उभ्या पिंपासारखी ती भट्टी, तिच्यांत लोणारी कोळसा, आणि तिच्यांतून निघालेला वायु गाळून इंजिनाकडे नेणाऱ्या नळ्या, असा तो थाट असे. गाडी निघण्यापूर्वीं भट्टी पेटवून भाता मारीत बसावें लागे. चढ आला कीं उतारूंनीं खालीं उतरावयाचें, हा प्रसंग त्या काळच्या प्रवाशांना नवा नव्हता. कारण ह्या वायूनें इंजिनाची शक्ति बरीच कमी होई. शक्ति घटली आणि वजन मात्र वाढलें. शिवाय पाठीमागें जळता विस्तव आणि नळ्यांतून वाहणारा विषारी कार्बन मोनॉक्साइड, ही जोखीम वेगळीच. हौसेनें शक्ति वाढविणाऱ्या आजच्या मालकाचें आणि निरुपायानें शक्ति घटविणाऱ्या त्या काळच्या मालकाचें उद्दिष्ट परस्परविरुद्ध आहे. तरी विम्याच्या दृष्टीनें दोघांचा प्रश्न एकच. कागदावरील गाडी आणि रस्त्यावरील गाडी ह्या दोन राहिल्या नाहींत ना?

ह्याच काळांत सक्तीच्या विम्याचा कायदा हिंदुस्थानांत येत होता. इंग्लंडनें १९३० च्या कायद्यानें प्रत्येक मोटारीला तिऱ्हाइताच्या नुकसानीपुरता विमा सक्तीचा केला. तिऱ्हाइत म्हणजे मालक नव्हे आणि कंपनीहि नव्हे. तर रस्त्यावरील तो तिसरा माणूस, ज्याचा ह्या करारांत हात नसतो पण जीव मात्र असतो. हिंदुस्थानांत १९३९ च्या मोटार वाहन कायद्याच्या आठव्या प्रकरणानें हीच योजना स्वीकारली. युद्धामुळें तिचा मुहूर्त पुढें गेला आणि अखेर १ जुलै १९४६ पासून ती अंमलांत आली. खाजगी मोटारीनें कोणी मेला किंवा जखमी झाला, तर जेवढी जबाबदारी ठरेल तेवढी सर्व विम्यानें भरून द्यावयाची. मालाच्या गाडीसाठीं ती मर्यादा आरंभीं एकंदर २०,००० रुपयांची होती.

परंतु ब्रिटिश हिंदुस्थानचा कायदा संस्थानाच्या सीमेवर थांबे. सोलापूरहून निघालेली मोटार नळदुर्गाकडे वळली आणि हद्द ओलांडून गेली, कीं ती दुसऱ्या राज्यांत शिरे. १ जुलै १९४६ नंतर सोलापूरच्या रस्त्यावर पादचाऱ्याला जें कायद्याचें कवच मिळालें, तें नळदुर्गच्या पादचाऱ्यास आपोआप मिळालें नाहीं. १३ सप्टेंबर १९४८ रोजीं भारतीय सैन्य ह्याच सडकेनें सोलापूरहून पुढें सरकलें आणि पहिल्याच दिवशीं नळदुर्ग त्याच्या ताब्यांत आला. पांच दिवसांत संस्थानाचा प्रतिकार संपला. राज्य बदललें, तरी कायदे एका रात्रींत बदलत नाहींत. १९५१ च्या एप्रिलमध्यें ‘ब’ वर्गाच्या राज्यांना केंद्राचे अनेक कायदे एकदम लागू करण्यांत आले, तेव्हां १९३९ चा मोटार कायदा ह्या भागांत आला. एका सडकेच्या दोन टोकांवरील माणसांच्या जिवाला जवळजवळ पांच वर्षें कायद्याच्या दृष्टीनें निराळें मोल होतें, असाच ह्याचा अर्थ होतो.

१९५६ सालीं मराठवाडा मुंबई राज्यांत आला, १९६० मध्यें महाराष्ट्र झाला, आणि १९६१ सालीं मराठवाड्याची बससेवा राज्याच्या परिवहन महामंडळांत विलीन झाली. १९५६ च्याच एका दुरुस्तीनें मोटार-अपघातांच्या दाव्यांसाठीं खास न्यायाधिकरणें नेमण्याची सोय झाली. त्यामुळें दिवाणी कोर्टाच्या लांबणींतून आणि भारी कोर्ट-फींतून गरीब दावेदाराची सुटका झाली. १९७३ च्या आरंभापासून सर्वसाधारण विम्याचें राष्ट्रीयीकरण होऊन १०७ विमासंस्था चार कंपन्यांत गोळा झाल्या.

गाडींतील बदलांविषयीं कायद्याचें धोरण कसें कडक होत गेलें, तेंहि पाहण्यासारखें आहे. १९३९ च्या कायद्याच्या ३२ व्या कलमांत आणि पुढें १९८८ च्या कायद्याच्या ५२ व्या कलमांत मूळ कल्पना साधी होती. नोंदणीच्या दाखल्यांतील मजकूर खोटा ठरेल असा बदल करावयाचा असेल, तर आधीं नोंदणी-अधिकाऱ्याला कळवावें आणि त्याची संमति घ्यावी. १९८८ च्या मूळ कलमांत गाडीचें वजन दोन टक्क्यांपर्यंत बदलेल अशा किरकोळ जोडणीला संमतीची जरुरी नव्हती. २००० सालच्या दुरुस्तीनें हा दरवाजा बराचसा बंद केला. कारखानदारानें मूळांत जो तपशील दिला, त्याच्याशीं विसंगत असा बदल मालकानें करूंच नये, असें आतां कलम म्हणूं लागलें. इंधन बदलण्यासाठीं मान्यताप्राप्त साहित्य बसविण्यासारखे कांहीं अपवाद तेवढे राहिले. ९ जानेवारी २०१९ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें केरळमधील एका प्रकरणांत हाच अर्थ कायम केला आणि त्याच वर्षींच्या दुरुस्तीनें अशा प्रत्येक बदलामागें ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद अशी शिक्षा ठरविली.

आतां विम्याच्या हिशेबाकडे पाहूं. कारण बहुतेकांची फसगत ह्या हिशेबांत होते. खाजगी मोटारीचा हप्ता ठरवितांना गाडीचें विमा-मूल्य, तिचें वय, ती कोठें नोंदलेली आहे तो विभाग, आणि इंजिनाचें घनमाप ह्या गोष्टी धरतात. १ जुलै २००२ पासून लागू झालेल्या दरपत्रकांत मुंबई, पुणें, हैदराबाद इत्यादि आठ मोठीं शहरें एका विभागांत आणि उरलेला सर्व देश दुसऱ्या विभागांत होता. धाराशिवची गाडी अर्थातच दुसऱ्या, स्वस्त विभागांत पडे. तिऱ्हाइताच्या विम्याचे जे दर १ जून २०२२ पासून लागू झाले, त्यांत १,००० घनसेंटिमीटरपर्यंतच्या मोटारीस २,०९४ रुपये, १,५०० पर्यंत ३,४१६ रुपये आणि त्यापुढें ७,८९७ रुपये असे तीन टप्पे आहेत. म्हणजे १,४०० चें इंजिन काढून १,६०० चें बसविलें, तर हप्ता दुपटीहून अधिक वाढावयास हवा.

परंतु इंजिनाचें घनमाप तेंच ठेवून शक्ति वाढवितां येते, हा खरा पेंच आहे. हल्लींच्या इंजिनांत इंधन किती सोडावयाचें आणि केव्हां पेटवावयाचें, हें एक छोटें विद्युत्-यंत्र ठरवितें. त्यांतील आज्ञा बदलल्या कीं शक्ति वाढते आणि दाखल्यांतील एक अक्षरहि बदलत नाहीं. दरपत्रकाला हा बदल दिसत नाहीं. तो दिसतो फक्त मालकाला आणि मेस्त्रीला. कार्टरच्या किल्ल्याचा दुबळेपणा जसा लंडनला बसून दिसत नव्हता, तसाच हा प्रकार आहे; आणि म्हणूनच मालकाच्या सांगण्याला येथें एवढें महत्त्व आहे.

कंपनीला ह्या बदलाची भीति कां वाटावी, ह्याचें उत्तर शाळेंतील पदार्थविज्ञानांत आहे. वेग दुप्पट झाला म्हणजे गतीची ऊर्जा दुप्पट होत नाहीं, चौपट होते. ताशीं ४० किलोमीटरवरून ८० वर गेलेली गाडी त्याच ब्रेकांनीं थांबवावयास सुमारें चौपट अंतर लागतें. इंजिन सुधारलें आणि ब्रेक पूर्वींचेच ठेवले, तर चढावर झालेला लाभ बालाघाटाच्या उतारावर व्याजासह वसूल होतो. प्रखर दिव्यांना अधिक विद्युत्-प्रवाह लागतो. तारा मूळच्याच असल्या तर त्या तापतात आणि आगीला निमित्त होतें. उंची वाढविलेली गाडी वळणावर अधिक सहज कलंडते. अपघातानंतर पाहणी करणारा सर्वेक्षक नेमक्या ह्याच जागा तपासतो.

ह्यापेक्षां साधी चूक मूल्याची असते. विमा-मूल्य धरतात तें कारखान्याच्या विक्रीच्या किंमतीवरून, घसारा वजा करून. एक ते दोन वर्षांच्या गाडीला २० टक्के, चार ते पांच वर्षांच्या गाडीला ५० टक्के. मालकानें मागाहून बसविलेलीं भारी चाकें किंवा ध्वनियंत्रें ह्या किंमतीत येत नाहींत. त्यांचें मूल्य निराळें लिहून निराळा हप्ता भरला तरच त्यांची भरपाई मिळते. २००२ च्या दरपत्रकांत मागाहून बसविलेल्या वायु-इंधनाच्या साहित्याला त्याच्या किंमतीवर ४ टक्के आणि तिऱ्हाइताच्या जबाबदारीपोटीं ६० रुपये असा जादा हप्ता होता. ५०,००० रुपयांच्या साहित्याला हा आकार २,०६० रुपये होतो. तेवढे वांचविण्यासाठीं कांहीं मालक गप्प बसतात. आणि गाडी जळाली म्हणजे त्याच साहित्याची पुरी किंमत मागतात. हप्ता भरतांना क्षुल्लक आणि भरपाई मागतांना मौल्यवान, अशी एकच वस्तु दोनदां दाखवितां येत नाहीं. उडाला तर कावळा आणि बुडाला तर बेडूक, हा न्याय विम्यांत चालत नाहीं.

तथापि सर्वांत गंभीर भाग तिऱ्हाइताचा आहे. विम्याच्या पत्रकांत दोन करार एकत्र शिवलेले असतात. पहिला मालकाच्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा. तो सर्वस्वीं विश्वासावर आहे, आणि बदल लपविल्यास तो दावा कंपनी नाकारूं शकते. दुसरा रस्त्यावरील माणसाच्या नुकसानीचा. तो कायद्यानें घडविलेला आहे. कंपनीनें तिऱ्हाइताला पैसे देण्याचें नाकारण्यास कोणतीं कारणें चालतील, तें कायद्यानेंच मोजून ठेवलें आहे. महत्त्वाची गोष्ट लपवून विमा मिळविला होता, हें त्यांतील एक कारण आहे. परंतु तें सिद्ध करण्याचा भार कंपनीवर असतो. ५ जानेवारी २००४ च्या स्वर्णसिंग खटल्यांत सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींनीं चालकाच्या परवान्यासंबंधीं असें ठरविलें, कीं नुसता नियमभंग दाखवून कंपनीची सुटका होत नाहीं. तो भंग मूलभूत स्वरूपाचा असून अपघातास कारणीभूत झाला, असें तिला दाखवावें लागतें. आणि योग्य प्रसंगीं न्यायाधिकरण असा हुकूम करूं शकतें, कीं कंपनीनें आधीं पैसे द्यावे व मागाहून ते मालकाकडून वसूल करावे.

हा ‘आधीं द्या, मग वसूल करा’ असा हुकूम ज्या मालकावर होतो, त्याची अवस्था काय होते हें कल्पनेनें समजतें. समजा, उमरग्याजवळ हमरस्त्यावर एक मिळवता माणूस गेला आणि न्यायाधिकरणानें त्याच्या कुटुंबास वीस लाख रुपये ठरवून दिले. कंपनीनें ते दिले, आणि गाडींतील लपविलेल्या बदलाबद्दल ते मालकाकडून वसूल करण्याची परवानगी मिळविली. गाडी गेली, तिची भरपाई गेली, आणि शेतीवाडीवर जप्तीची वेळ आली. हौसेचा खर्च कांहीं हजारांचा; त्याची किंमत मात्र एका संसाराची. उलट, कंपनीचा बचाव मान्य झाला आणि वसुली थेट मालकावरच सोपविली, तर संकट मृताच्या कुटुंबावर येतें. कारण ज्याच्याजवळ कांहीं नाहीं, त्याच्याकडून हुकूमनामा पैसे काढूं शकत नाहीं. दोघांपैकीं एका घराची चूल बंद पडते, आणि ज्यानें चूक केली त्याचेंच घर तें असेल असा नेम नसतो.

म्हणूनच कायद्यानें हळूहळू दोष शोधण्यापूर्वीं कांहीं रक्कम हातीं पडण्याची सोय केली. १९७७ सालीं मुंबईंतून गेलेल्या मिनू मेहता यांच्या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें चालकाचा निष्काळजीपणा सिद्ध झाल्याशिवाय जबाबदारी येत नाहीं असें म्हटलें. ह्या अडचणीवर उपाय म्हणून १९८२ सालीं दोषाचा प्रश्न न उकरतां मृत्युबद्दल १५,००० रुपये देण्याची तरतूद झाली. १९८८ च्या कायद्यानें ते २५,००० आणि १९९४ च्या दुरुस्तीनें ५०,००० झाले. १ एप्रिल २०२२ पासून अंमलांत आलेल्या नव्या प्रकरणांत ही रक्कम पांच लाखांवर गेली आहे. ज्या जिल्ह्यांत १९५१ पूर्वीं सक्तीच्या विम्याचा हा कायदाच नव्हता, तेथील पादचारी इतका पुढें आला, ही गोष्ट लहान नव्हे.

शेवटीं मॅन्सफील्ड यांच्या निकालाची दुसरी बाजू पुन्हां आठवावी. मालकानें सांगावें हें जितकें खरें, तितकेंच कंपनीनें विचारावें हेंहि खरें. नूतनीकरण करतांना गाडी डोळ्यांनीं पाहिली, तिचीं रुंद चाकें आणि मोठा सायलेन्सर दिसत असतां कांहीं विचारलें नाहीं, हप्ता मात्र घेतला, आणि अपघातानंतर त्याच चाकांकडे बोट दाखविलें, तर ती कंपनीहि सद्बुद्धीनें वागली असें म्हणतां येणार नाहीं. गाडी पाहून आलेला दलाल तोंडीं ‘कांहीं हरकत नाहीं’ म्हणाला, एवढ्यावर मालकानें विसंबूं नये. जें सांगितलें तें कागदावर लिहून द्यावें आणि त्याची पोंच जपून ठेवावी. कायद्याला मान्य नसलेला बदल मात्र सांगितल्यानें मान्य होत नाहीं. तो काढून टाकणें हाच त्यावर एकमेव उपाय आहे.

तुळजापूरच्या वाटेवर गाडी चालविणारा आणि त्याच वाटेच्या कडेनें अनवाणी चालत जाणारा, हे दोघेहि एकाच देवीच्या दर्शनास निघालेले असतात. पहिल्याच्या गाडीच्या इंजिनांत काय बदललें आहे, हें दुसऱ्याला ठाऊक नसतें आणि ठाऊक असण्याचें कारणहि नाहीं. त्यानें पहिल्यावर न बोलतां विश्वास टाकलेला असतो. विम्याच्या अर्जांतील त्या एका प्रश्नापुढें मालक जें खरें उत्तर लिहितो, तें प्रथमदर्शनीं कंपनीसाठीं असलें, तरी त्याचा खरा धनी तो पायीं चालणारा यात्रेकरू आहे.